खसऱ्याचा प्रश्न कोणत्या दारातून?

२९ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘सायबर तहसील’ ही जमिनीच्या नोंदींची ऑनलाइन व्यवस्था मध्य प्रदेशच्या सर्व ५५ जिल्ह्यांत सुरू झाली. धार आणि देवासही त्यात आले. पूर्ण खसरा, म्हणजे जमिनीचा क्रमांक दिलेला तुकडा, विकला गेला आणि वाद नसला, तर नामांतरणासाठी, म्हणजे महाराष्ट्रातल्या फेरफारासाठी, वेगळा अर्ज लागत नाही. नोंदणीची माहिती थेट महसूल खात्याकडे जाते. समजा, अशा नोंदींवर उद्या कुणी मोबाइल ॲप काढलं. त्याला सबंध दप्तर नको असतं. खसरा, मालक आणि नामांतरणाची स्थिती एवढंच एका विनंतीत हवं असतं. मागितलं तेवढंच देणारी ग्राफक्यूएल पद्धत फेसबुकने २०१२ मध्ये स्वतःपुरती घडवली आणि २०१५ मध्ये सर्वांना खुली केली. तिचा सर्व्हर वेगळा उभारता येतो, किंवा आधीपासून चालू असलेल्या एक्स्प्रेससारख्या वेब फ्रेमवर्कमध्ये बसवता येतो.

माझ्या मते तो बसवावाच. लॉगिन, अधिकारांची तपासणी, कामकाजाची नोंद हे सारं फ्रेमवर्कमध्ये आधीच असतं. वेगळ्या सर्व्हरसाठी ते पुन्हा लिहावं लागतं, आणि पुढे नियम एकीकडे बदलतो, दुसरीकडे राहून जातो. एका गावात थोरल्या आणि धाकट्या पातीचे दोन दरबार १९४८ पर्यंत पाहिलेल्या देवासला हा दुहेरी कारभार नवा वाटू नये. जोडणीत खरी मेख क्रमाची आहे. एक्स्प्रेस आपले टप्पे लिहिलेल्या क्रमानेच चालवतं: आधी विनंतीतला मजकूर वाचायचा, मग माणूस ओळखायचा, शेवटी त्याची ओळख सोबत देऊन प्रश्न अपोलो या ग्राफक्यूएल सर्व्हरकडे सोपवायचा. ओळखतपासणी चुकून खाली लिहिली, तर ती होण्याआधीच उत्तर निघून गेलेलं असतं.

यावर आक्षेप येतो की अशाने आपण एका फ्रेमवर्कशी बांधले जातो. तसं फारसं होत नाही. अपोलोने पाचव्या आवृत्तीत एक्स्प्रेसची जोडणी मूळ पॅकेजातून बाहेर काढली; उत्तरं शोधणारा भाग तसाच ठेवून सांधा तेवढा बदलता येतो.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. मालक, त्याचे खसरे, त्या खसऱ्यांचे सहमालक, पुन्हा त्यांचे खसरे, असा एकात एक गुंफलेला प्रश्न डेटाबेसला घाम फोडतो, आणि दारावर विनंत्या मोजणारं फ्रेमवर्क त्याला निमूटपणे ‘एक’ म्हणून सोडतं. प्रश्नाच्या खोलीवरची मर्यादा म्हणून ग्राफक्यूएलच्या बाजूलाच घालावी लागते. आणि प्रत्येक खसऱ्यासाठी डेटाबेसकडे वेगळी फेरी होऊ नये यासाठी डेटालोडरसारखं साधन लागतं, जे अनेक मागण्या एकत्र करून एकदाच विचारतं.