अंगणवाडीची पंगत आणि गणिताचे पहिले धडे

‘आमच्या मुलाला शंभरपर्यंत अंक पाठ आहेत’ असे कौतुकाने सांगणारे पालक आज खेडोपाडी भेटतात. चार वर्षांचे मूल एका दमात पन्नासपर्यंत अंक म्हणू लागले की घरच्यांना आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच मुलासमोर पाच लिंबे ठेवून ‘ही किती आहेत?’ असे विचारले म्हणजे पुष्कळदा निराळेच चित्र दिसते. मूल एक, दोन, तीन, चार, पाच असे मोजते. ‘मग किती झाली?’ असे विचारताच ‘पाच’ असे उत्तर न देता ते पुन्हा पहिल्या लिंबापासून मोजू लागते. ‘यातली तीन मला दे’ असे म्हटले तर ओंजळीत मावतील तेवढी सगळीच लिंबे पुढे करते. त्याला अंकांची नावे ठाऊक झालेली असतात. संख्या मात्र अद्याप उमगलेली नसते.

नाव आणि अर्थ यांतील हे अंतर तीन ते सहा या वयात भरून निघणे अगत्याचे आहे. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत, की छापील तक्ते लागत नाहीत. अंगणवाडीत रोज निवडली जाणारी भाजी, रोज मांडली जाणारी ताटे आणि रोज बसणारी पंगत एवढे साहित्य त्याला पुरेसे आहे.

मोजणे म्हणजे काय?

मोठ्या माणसांना मोजणे ही अगदी सोपी गोष्ट वाटते. वस्तुतः त्या एका क्रियेत अनेक गोष्टी सामावलेल्या असतात. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोजणीची पाच तत्त्वे मांडली. प्रत्येक वस्तूला एक आणि एकच अंक द्यावयाचा; अंकांचा क्रम बदलावयाचा नाही; शेवटी उच्चारलेला अंक हीच त्या समूहाची संख्या; कोणत्याही वस्तू मोजता येतात; आणि मोजणी कोठूनही सुरू केली तरी संख्या बदलत नाही. वर सांगितलेले मूल अंकांचा क्रम शिकलेले आहे. शेवटचा अंक म्हणजेच एकूण संख्या, ही पायरी मात्र त्याने अजून चढलेली नाही.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी दाखवून दिलेली आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. रुंद वाटीतील ताक मुलाच्या डोळ्यांदेखत उंच व अरुंद पेल्यात ओतले, तर या वयाचे मूल पेल्यात ताक जास्त झाले असे सांगते. ताक तेवढेच आहे हे त्याला केवळ शब्दांनी पटत नाही. तेच ताक पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पुन्हा पेल्यात अनेकदा ओतून पाहण्याची संधी मिळाली, तर ते विचार करू लागते. लहान मुलांचे गणित हाताकडून डोक्याकडे जाते, ते असे.

या वयातील गणिताचा पुढील शिक्षणाशी असलेला संबंधही अभ्यासकांनी तपासलेला आहे. ग्रेग डंकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिका, ब्रिटन व कॅनडा येथील मुलांच्या सहा दीर्घकालीन पाहण्यांची माहिती एकत्र अभ्यासली. शाळेत प्रवेश करताना मुलाला असलेली गणिताची जाण आणि त्याची पुढील शालेय प्रगती यांचा संबंध इतर सर्व कौशल्यांपेक्षा अधिक निकटचा असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे पहिलीच्या वर्गात मूल काय घेऊन येते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

कोसबाडचा वारसा

परिसरातील वस्तूंमधून शिक्षण हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्या कार्यात त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाड येथे गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी साकार झाली. बाहेरून आणलेली महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पाने, शंखशिंपले, काड्या आणि खडे हीच शिक्षणाची साधने ठरली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचविले. त्या योजनेत पूरक आहार आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या दोन्ही सेवा एकाच छपराखाली आल्या. तथापि प्रत्यक्षात आहाराची वेळ निराळी आणि शिक्षणाची वेळ निराळी, अशी विभागणी अनेक ठिकाणी रूढ झाली. १० मे २०२३ रोजी केंद्र शासनाने ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या नावातच या दोन गोष्टींची सांगड घातलेली आहे. आहाराची वेळ हीच गणिताची वेळ करणे, हा ती सांगड प्रत्यक्षात आणण्याचा एक सोपा मार्ग होय.

निवडण्यापासून वाढण्यापर्यंत

आपल्याकडे अन्नाशी खेळू नये असा संस्कार आहे, आणि तो योग्यच आहे. येथे अन्नाचा खेळ करावयाचा नाही. अन्नाभोवतीच्या नित्याच्या कामांत मुलांना सहभागी करून घ्यावयाचे आहे.

पहिले काम निवडण्याचे. टोपलीतील कांदे एकीकडे आणि बटाटे दुसरीकडे करणे, हे वर्गीकरण झाले. त्याच कांद्यांची लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावली की क्रम लावणे झाले. भुईमुगाच्या शेंगांतील दोनदाणी शेंगा एका सुपात आणि तीनदाणी शेंगा दुसऱ्या सुपात टाकताना मुलाच्या बोटांना दोन आणि तीन यांतील फरक न सांगता कळतो. ‘कोणत्या सुपात जास्त आहेत?’ एवढाच प्रश्न सेविकेने विचारावा.

दुसरे काम ताटे मांडण्याचे. प्रत्येक मुलामागे एक ताट, प्रत्येक ताटाजवळ एक पेला. एकास एक संगती लावण्याचा याहून चांगला पाठ शोधून सापडणार नाही. त्या दिवशीची ताटे मांडण्याची पाळी ज्या मुलाची असेल त्याला आधी मुले मोजू द्यावीत, मग ताटे आणू द्यावीत. ताटे कमी पडली तर लगेच पुरवू नयेत. ‘आणखी किती हवीत?’ असे विचारून त्याला पुन्हा पाठवावे. दोन ताटे कमी पडतात आणि दोन मुले ताटाविना बसलेली दिसतात, तेव्हा ‘दोन’ या शब्दाला अर्थ येतो. रोज मुलांची हजेरी बदलते, म्हणून हे उदाहरणही रोज नवे असते.

तिसरे काम वाढण्याचे. प्रत्येकाला एकेक लाडू, प्रत्येकाला दोन केळ्यांच्या फोडी, असे वाढताना सारखे वाटप म्हणजे काय ते मुले शिकतात. ताटातील तीन फोडींपैकी एक खाल्ली तर किती उरल्या, हा वजाबाकीचा आरंभ. आणि शेवटची फोड संपल्यावर उरते ते शून्य. शून्य समजावून सांगण्यास रिकाम्या ताटासारखे साधन नाही.

भाकरीच्या निमित्ताने अपूर्णांकही ओळखीचे होतात. मराठी घरांत ‘अर्धी भाकरी’ आणि ‘चतकोर भाकरी’ हे शब्द मुलांच्या कानांवर जन्मापासून पडत असतात. अख्खी भाकरी मुलासमोर मोडून दोन अर्ध्या, आणि अर्धीच्या दोन चतकोर करून दाखविल्या की पुरे. पाव हा शब्द आणि त्याची खूण पुढे शाळेत येईलच. आकारांचेही तसेच आहे: पुरी गोल, करंजी अर्ध्या चंद्रासारखी, शंकरपाळे चौकोनी.

मापन शिकविण्यास आजीच्या घरातील जुनी मापे उपयोगी पडतात. १९५६ च्या कायद्यानंतर व्यवहारात दशमान पद्धती आली. परंतु चिपटे आणि मापटे अनेक घरांत अजूनही फडताळात असतात. दोन चिपट्यांनी एक मापटे भरते आणि दोन मापट्यांनी एक शेर, हे मुलाने स्वतः तांदूळ ओतून पाहिले तर दुपटीची कल्पना त्याच्या मनात पक्की बसते. मापे नसतील तर लहान वाटी आणि मोठे भांडे यांनीही हेच काम साधते.

काही पथ्ये

या उपक्रमात काही पथ्ये कसोशीने पाळावयास हवीत. पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की अन्न हे बक्षीस नव्हे आणि शिक्षाही नव्हे. उत्तर चुकले म्हणून कोणाचा घास अडवून ठेवू नये, की बरोबर आले म्हणून कोणाला जास्त वाढू नये. अंगणवाडीतील आहार हा मुलाचा हक्क आहे. कित्येक मुलांच्या दृष्टीने तो दिवसातील महत्त्वाचा आहार आहे. भुकेल्या मुलाला प्रश्न विचारीत बसू नये.

दुसरे पथ्य सुरक्षिततेचे. अख्खे शेंगदाणे, हरभरे, वाटाणे आणि चिंचोके मुलाच्या घशात, नाकात वा कानात अडकण्याचा धोका असतो. मोजणीसाठी लिंबे, कांदे, बटाटे अशा मोठ्या वस्तू घ्याव्यात. विळी, चूल व गरम भांडी यांपासून मुलांना दूर ठेवावे, आणि अन्नाला हात लावण्यापूर्वी सर्वांनी हात स्वच्छ धुवावेत.

तिसरे पथ्य पाळीचे. मांडण्याचे व वाढण्याचे काम मुलगा असो वा मुलगी, कोणत्याही वस्तीतील असो, प्रत्येकाच्या वाट्याला यावे. एका पंगतीत सर्वांनी सर्वांना वाढणे, हा गणिताइतकाच मोलाचा पाठ आहे.

तपासणी कशाची करावी?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ या वयाला शिक्षणाचा पायाभूत स्तर मानले आहे, आणि त्यात खेळ व कृती यांवर भर दिला आहे. तरीही अंगणवाडीला भेट देणारे पाहुणे मुलांना उभे करून अंक म्हणावयास लावतात, आणि पाठांतर खणखणीत झाले की समाधानाने परततात. मग सेविकाही तेच घोकून घेते. पालकांचा आग्रहही पाटीवर अंक गिरवून घेण्याचा असतो. ज्याची तपासणी होते तेच शिकविले जाते, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे.

म्हणून बदल तपासणीपासून व्हावयास हवा. पर्यवेक्षिका, विस्तार अधिकारी व पंचायत सदस्य यांनी शक्य तर आहाराच्या वेळी भेट द्यावी. एखाद्या मुलाला ‘आज आपण किती जण आहोत? तेवढी ताटे आण’ असे सांगावे आणि शांतपणे पाहावे. एवढ्याने मुलाला काय येते ते कळते. चुकले तर सेविकेला जाब न विचारता ती मुलाला कशी मदत करते ते पाहावे. सेविका आणि मदतनीस यांच्यावर नोंदवह्यांचा भार आधीच मोठा आहे. या उपक्रमासाठी आणखी एक नोंदवही काढू नये. दिवसाला एक कृती, तीही चालू कामातलीच, एवढे पुष्कळ झाले.

ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखलेल्या निधीतून पुरेशी ताटे, वाट्या, पेले व स्वच्छ पाण्याची सोय झाली तर गणिताचे सर्व साहित्य मिळाल्यासारखेच आहे. पहिलीच्या शिक्षकांनी जूनपूर्वी एकदा तरी अंगणवाडीच्या पंगतीला बसावे, म्हणजे आपल्या वर्गात येणारी मुले कोठवर पोहोचली आहेत हे त्यांना समजेल. आणि पालकांना सांगावयाचे ते इतकेच, की संध्याकाळी जेवणाची पाने घेताना चार वर्षांच्या मुलाला हाक मारावी आणि घरात आज किती माणसे जेवणार आहेत ते त्यालाच मोजू द्यावे.