दूधबावीच्या पाण्याचं मूळ

मालवणच्या जेट्टीवरून होडी सुटली की थोड्याच वेळात आपण सिंधुदुर्गाच्या तटाखाली असतो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी. चारी बाजूंना खारा समुद्र आणि मधोमध गोडं पाणी, त्यामुळे प्रत्येक खेपेला कोणीतरी विचारतंच, ‘ह्या पाणी खयसून इला?’ मग चमत्कारापासून गुप्त झऱ्यापर्यंत सगळी उत्तरं मिळतात. खुद्द पाण्याची साक्ष काढायचं मात्र कोणाच्या मनात येत नाही.

ती साक्ष पाण्याच्या अणूंतच असते. पाण्यातल्या ऑक्सिजनच्या दर पाचशे अणूंमागे साधारण एक अणू वजनाने जड असतो. तो ऑक्सिजन-१८. तो किरणोत्सर्गी नाही, त्याचं रूपांतर होत नाही, म्हणून त्याला स्थिर समस्थानिक म्हणतात. समुद्राची वाफ होते तेव्हा हलके रेणू आधी उडतात, तर ढगातून पाऊस होताना जड रेणू आधी उतरतात. म्हणून पाऊस समुद्रापेक्षा किंचित हलका. तळ्यात उन्हाने आटणारं पाणी उलट जड होत जातं. एकदा जांभ्याच्या भेगांतून खोल मुरलं की हे प्रमाण सहसा तसंच राहतं.

१९६१ मध्ये हार्मन क्रेग या अमेरिकी शास्त्रज्ञाने ऑक्सिजन-१८ आणि जड हायड्रोजन यांचा आलेख मांडला. जगभरचा पाऊस जवळपास एकाच सरळ रेषेवर आला. तिचा चढ आठ. बाष्पीभवन झालेलं पाणी या रेषेवरून घसरतं आणि त्याच्या रेषेचा चढ पाचच्या आसपास येतो. पावसाचे नमुने जगभरातून गोळा करण्याचं कामही त्याच सुमारास सुरू झालं, आणि त्यात मुंबईचा पाऊस होता.

कोकणातलं उदाहरण हवं तर संगमेश्वर तालुक्यातली तुरळ-राजवाडीची गरम कुंडं घ्या. आसपासच्या विहिरींपेक्षा हे पाणी वेगळं, त्यात सोडियम आणि क्लोराइड जास्त. साहजिकच समुद्राचा संशय येतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी समस्थानिक तपासले, तेव्हा हे पाणी मूळचं पावसाचंच निघालं. खोल जाऊन तापून ते वर येतं.

मालवण किनाऱ्यावरचा रोजचा प्रश्न मात्र कुंडांचा नाही, वैशाखात मचूळ होणाऱ्या विहिरीचा आहे. तिथे या तंत्राकडून भलती अपेक्षा करू नये. गोड्या पाण्याच्या शंभर भागांत समुद्राचे दोन भाग मिसळले तर लिटरमागे सुमारे सातशे मिलिग्रॅम क्षार वाढतात. तेवढं जिभेला कळतं, पण समस्थानिकांत फरक जेमतेम पडतो. साक्ष उपयोगी पडते ती दुसऱ्या ठिकाणी. आटून आटून खारं झालेलं पाणी पावसाच्या रेषेवरून ढळलेलं असतं, त्यामुळे ते लगेच ओळखू येतं. पाणी तसं ढळलेलं नसेल, तर समुद्र आत शिरला की खाजणातलं मीठ उतरलं, हा निवाडा रसायनशास्त्राने करायचा.

समुद्र विहिरीत शिरतो कसा, तेही पाहू. सच्छिद्र जमिनीच्या बेटावर किंवा वाळूच्या पट्ट्यावर पावसाचं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगतं. सर्वसाधारण हिशेब असा, की समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट. हिशेब उलटाही लागतो. उपशाने वरचं एक फूट गेलं, तर खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस फूट वर येतं. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या देवबागेत पंप लावणाऱ्याने हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

तुमच्या विहिरीचा नमुना समस्थानिक तपासणीला द्यायचा असेल, तर एकदा पौषात आणि एकदा वैशाखात घ्या. छोटी बाटली पाण्याखाली धरूनच काठोकाठ भरा आणि तिथेच घट्ट बूच लावा. आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, कारण थोडं पाणी उडालं तरी साक्ष बदलते.