मानवतावादी निधीनियोजन आणि दिव्यांगांचे समावेशन : एक सेवाक्षेत्र

प्रस्तावना :
ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा नद्यांच्या महापुराने सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील जनजीवन विस्कळीत केले. पुराच्या वेळी धडधाकट माणूस वरच्या मजल्यावर आश्रय घेऊ शकतो. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीस मात्र इतरांचा आधार लागतो आणि कर्णबधिर व्यक्तीस भोंग्यावरील सूचना ऐकू येत नाही. ही अडचण जितकी शारीरिक तितकीच नियोजनाची आहे. ते नियोजन करणाऱ्या सेवाक्षेत्राचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

स्वरूप :
निधीसंकलन म्हणजे पैसा जमविणे. निधीनियोजन म्हणजे तो कोणाकडून, किती काळासाठी व कोणत्या अटींवर घ्यावा आणि कशावर खर्चावा हे ठरविणे. निवारा केंद्राच्या मूळ अंदाजपत्रकातच उतरता मार्ग व सुलभ स्वच्छतागृह धरले, तर वाढीव खर्च थोडा येतो. नंतर तोडफोड करून या सोयी करणे महाग पडते आणि बहुधा राहूनच जाते.

कायदेशीर आधार :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार आपत्ती व्यवस्थापनात दिव्यांगांचा समावेश करणे आणि जिल्हा प्राधिकरणाने त्यांची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनीही स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचा असतो. या तरतुदींची सांगड घालून व्यवहार्य प्रस्ताव तयार करणे, हे या सेवाक्षेत्रातील व्यक्तीचे प्रमुख कार्य होय.

एक उदाहरण :
महापुराची झळ सोसलेल्या कोल्हापुरातच या कार्याचा आदर्श आढळतो. किशोरवयात पक्षाघाताने चाकाची खुर्ची स्वीकारावी लागलेल्या नसीमा हुरजूक यांनी केंद्रीय अबकारी विभागात नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. वसतिगृह व शिक्षण यांबरोबरच सिंधुदुर्गातील ‘स्वप्ननगरी’त काजूप्रक्रियेसारखा उद्योगही उभा राहिला. देणगीचे रूपांतर रोजगारात झाले, तर लाभार्थी उत्पादक बनतो, हे यातून दिसते.

समारोप :
संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम असणाऱ्या लोणंदसारख्या गावीही हा विचार लागू पडतो. मुक्कामाच्या सोयींचा आराखडा करताना अंध अथवा वृद्ध वारकऱ्याचा खर्च आरंभीच धरावा लागतो. वाणिज्य, समाजशास्त्र व समाजकार्य या शाखांच्या ग्रामीण विद्यार्थ्यांनी हिशेब, कायदा आणि प्रस्तावलेखन आत्मसात केल्यास त्यांना येथे कार्याची संधी आहे. तथापि, नियोजनाच्या बैठकीत दिव्यांग व्यक्ती स्वतः उपस्थित नसेल, तर उत्तम अंदाजपत्रकही अपुरेच ठरेल.