अभ्यास गोड झाला, तर शाळा टिकेल

दिवेलागणीची वेळ असते. देवापुढे निरांजन लागते, गोठ्यात म्हशीची धार काढून होते आणि घराघरातून एकच हाक ऐकू येते, "चल, अभ्यासाला बस!" हाक मारणाऱ्याच्या आवाजात दरडावणी असते आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर शिक्षा झाल्याचा भाव. पोर दप्तर ओढत आणते, वही उघडते, प्रश्नोत्तरे घोकू लागते. अर्ध्या तासात डोळे मिटू लागतात. सीमाभागातल्या खेड्यापाड्यांतून आम्ही हे दृश्य इतक्यांदा पाहिले आहे, की अभ्यास म्हणजे कंटाळा हे समीकरण आपण सर्वांनीच मान्य करून टाकले की काय, अशी शंका येते.

आपल्या भागात हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच साली सातव्या घटनादुरुस्तीने ३५० (क) हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. हा लढा रस्त्यावर आणि न्यायालयात लढला गेला, त्याबद्दल आम्हांला अभिमानच आहे. पण ६ मे २०१४ रोजी त्याच न्यायालयाने कर्नाटकाच्याच एका प्रकरणात निकाल दिला, की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकारला लादता येणार नाही. ते निवडण्याचा हक्क पालकांचा आहे. म्हणजे गावातली मराठी शाळा टिकणार की नाही, हे आता बऱ्याच अंशी तुमच्या-आमच्या घरात ठरते. वेशीवर इंग्रजी शाळेची पिवळी बस उभी राहते आणि पालक विचारात पडतात. घोषणा देऊन पोर शाळेत टिकत नाही. त्याला तिथे गोडी लागावी लागते.

ही गोडी लावायची कशी? आपल्या भाषेत या प्रश्नावर आयुष्य वेचलेली माणसे होऊन गेली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम आरंभले आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणावर शाळा भरवली. तिचे नावच 'कुरणशाळा'. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केले. या सर्वांच्या कामाचे सार एकच आहे. मुलाला जे ठाऊक आहे, तिथून धडा सुरू झाला तर त्याला कंटाळा येत नाही. जे कळत नाही ते पाठ करावे लागले, की कंटाळा येतो.

आता आपल्या पोरांना काय ठाऊक असते, ते पाहू.

तीन भाषांची गंमत

आपले पोर घरात मराठी बोलते, बाजारात कानडी ऐकते आणि पुस्तकात इंग्रजी वाचते. २०१५ च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत कन्नड ही भाषा म्हणून शिकणे बंधनकारक झाले. तीन भाषांचे ओझे, असे आपण म्हणतो आणि ते खोटे नाही. पण या ओझ्यातच एक गंमत दडलेली आहे.

मराठी मुलाला अंक शिकताना हमखास घोटाळा होतो. 'त्रेपन्न' सांगितले की ते ३५ लिहिते. कारण आपण आधी एकक बोलतो, मग दशक. लिहितो मात्र उलट. कानडीत ५३ ला 'ऐवत्तमूरु' म्हणतात, म्हणजे पन्नास आणि तीन. २१ ला 'इप्पत्तोंदु', म्हणजे वीस आणि एक. इंग्रजीतही तोच क्रम. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढे वादळ उठले होते! आपल्या पोरांना ही रीत शेजारच्या भाषेत आयतीच मिळते. गुरुजींनी फळ्यावर एक अंक लिहावा आणि तो तिन्ही भाषांत म्हणवून घ्यावा. 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक उणे, हे कोडे मराठीतच आहे. कानडीत आणि इंग्रजीत ते सरळ वीस नऊ होते. असे का, हे मुलांनाच शोधू द्यावे. दहा मिनिटांच्या या खेळात एकक-दशक पक्के होते आणि तीन भाषांची भीतीही जाते.

तुपाला कानडीत 'तुप्प' म्हणतात. अक्का आणि अण्णा तर दोन्हीकडे नांदतात. असे शब्द मुलांनी आजीला विचारून, शेजारच्या कानडी मित्राला विचारून वहीत गोळा करावेत. आमचे वैर सक्तीशी आहे, भाषेशी नाही. बापाच्या जमिनीची पहाणी कन्नडमध्ये येते. ती ज्या पोराला वाचता येते, ते घरात ताठ मानेने वावरते. मराठी पक्की असलेल्या पोराला दुसरी भाषा जड जात नाही.

शेतातले गणित, तालुक्यातला भूगोल

पुस्तकात क्षेत्रफळाचे सूत्र असते. पोराला ते नुसते पाठ होते. त्याला एकदा दोरी घेऊन शेतात न्या. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौकोन आखायला लावा. तो झाला एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट. हा गुणाकार बांधावर बसून केलेला पोर जन्मात विसरणार नाही. रताळी मार्केट यार्डात गेली, की व्यापाऱ्याकडून पट्टी येते. वजन, दर, हमाली, भाडे सारे तीत असते. ती पट्टी मुलीच्या हातात द्या आणि म्हणा, "बघ गं, हिशेब बरोबर आहे का?" गणित कशासाठी शिकायचे, हा प्रश्न ती पुन्हा विचारणार नाही.

भूगोलाचेही तसेच. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पूर्वेला वाहते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. त्याच तालुक्याच्या डोंगरात म्हादई उगम पावते आणि गोव्यातून मांडवी होऊन अरबी समुद्राला जाते. एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो! जलविभाजक हा अवघड शब्द याहून सोपा करून कोण शिकवील?

इतिहास शिकवायलाही लांब जायला नको. लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना १९१६ साली बेळगावातच केली. महात्मा गांधी काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते १९२४ चे बेळगावचे अधिवेशन. त्यासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत आहे. सहल काढायची तर तिथे काढा. 'गवतफुला' ही कविता पाठ करणाऱ्या किती मुलांना ठाऊक असते, की ती लिहिणाऱ्या इंदिरा संत बेळगावात राहत होत्या, इथेच शिकवीत होत्या? कवी म्हणजे पुस्तकातला फोटो नव्हे, आपल्या गल्लीतून जाणारी बाई, हे कळले की कविता जवळची होते.

घरी काय करावे?

पालक म्हणतील, "आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय करणार?" शिकलेले असण्याची गरज नाही. "अभ्यास झाला का?" असे विचारण्याऐवजी "आज काय नवीन कळलं? मला सांग बघू," असे विचारा. स्वयंपाक करता करता आईने ऐकावे, धार काढता काढता बापाने ऐकावे. दुसऱ्याला समजावून सांगताना पोराचे स्वतःचे पक्के होते. चुकले तर हसू नका. शेजारच्या पोराशी तुलना करू नका. सलग तीन तास डांबून ठेवण्यापेक्षा अर्धा तास मन लावून बसू द्या, मग अंगणात सोडा. त्या अर्ध्या तासात घरातला टीव्ही बंद ठेवा आणि आपला मोबाईलही खाली ठेवा. यातल्या एकाही गोष्टीला फी पडत नाही.

गुरुजींना आणि बाईंनाही एक विनंती. "काय गा, कुठं चाललास?" ही आपल्या पोरांची बोली आहे. ती वर्गात आली की लगेच "अशुद्ध" म्हणून गप्प करू नका. आधी त्याला मोकळेपणी बोलू द्या. प्रमाण मराठी त्याच वाटेने हळूहळू येते. पु. ल. देशपांड्यांनी बेळगावी बोलीतले 'रावसाहेब' साऱ्या महाराष्ट्राला ऐकवले आणि महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. मग आपल्याच वर्गात त्या बोलीची लाज कशाला?

कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा गावांतून दरसाल मराठी साहित्य संमेलने भरतात. खेड्यातल्या माणसांनी पदरमोड करून चालवलेला हा उत्सव आहे. त्यांत एक पूर्ण सत्र मुलांच्या हाती द्यावे, अशी आमची सूचना आहे. त्यांनी गोळा केलेले शब्द, मोजलेले शेत, आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिथे मांडाव्यात. मांडवात बसलेला बाप आपल्या पोराला मराठीत धीटपणे बोलताना पाहील, तेव्हा शाळा कोणती हा निर्णय त्याला सोपा जाईल.

न्यायालयाचा निकाल केव्हा लागेल, तो लागो. तोवर आपल्या हातात संध्याकाळचा तो अर्धा तास आहे. आज दिवे लागल्यावर हाक मारताना आवाज थोडा खाली आणा आणि पोराशेजारी आपणही बसा.