ठोसा आणि दम

सौसरला आमची आत्या दिलेली. त्यामुळे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार मी लहानपणी पाहिली आहे. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्याला सावरगाव. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात आणि दोन्हीकडून दगड सुटतात. मागे पळवून नेलेल्या मुलीची कथा सांगतात. वाचकांना ती ठाऊक असेलच.

काठावर वाहवा होते ती गोफण चालवणाऱ्या दांडग्या हाताची. पण झेंडा आणतो तो कुऱ्हाड घेऊन पाण्यात उतरलेला गडी. येणारा दगड तो चुकवतो, चुकला नाही तो सोसतो, आणि बुंध्यावर घाव घालीत राहतो. पहिल्याच तानेत आवाज फेकून मैफल मारू पाहणाऱ्या गवयांना आमचे वडील, स्वतः दरबारी गवई, ‘गोटमारे’ म्हणत. तासाभराने त्यांचा षड्ज डळमळू लागे.

मुष्टियुद्धात हा वाद असाच जुना. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात जॉर्ज फोरमन उतरला, तेव्हा त्याच्या नावावर ४० पैकी ४० विजय होते आणि त्यांतले ३७ प्रतिस्पर्ध्याला वेळेआधीच निकालात काढून. बत्तीस वर्षांचा महंमद अली दोरांना रेलला. डोके मागे झुकवून, दंडांवर आणि कोपरांवर ठोसे झेलीत त्याने फोरमनचा दम संपू दिला आणि आठव्या फेरीत त्याला लोळवले. कसब म्हणतात ते हेच, असे मी पुष्कळ वर्षे शिष्यांना सांगत आलो.

हल्ली सांगताना अडखळतो. १९८४ मध्ये अलीला कंपवाताचे निदान झाले. ते ठोशांमुळेच का, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. पण चुकवलेला ठोसा आणि पचवलेला ठोसा यांचा हिशेब मी एकाच खात्यात मांडीत होतो, हे मात्र खरे. गोटमारीतही माणसे दगावली आहेत.

आत्याच्या शेजारी मूळचे पांढुर्ण्याचे एक गृहस्थ राहत. तरुणपणी त्यांनी झेंडा आणला होता, चंडीमातेच्या देवळापर्यंत मिरवले गेले होते. त्याच दिवशी उजवा डोळा गेला. दर शनिवारी ते जामसावळीच्या निजलेल्या मारुतीला जात. गोटमारीच्या दिवशी मात्र दार लावून घरात बसत. आत्या त्यांच्यासाठी पोळ्याची पुरणपोळी राखून ठेवी, आणि ती पोचवायला मला धाडी.