वीज आणि पाणी एकत्र कसे नांदतात?

पावसाळा सुरू झाला की गावच्या विहिरीत किंवा पाण्याच्या टाकीत टीसीएल टाकतात. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातले हट्टा असो की दुसरे कोणतेही गाव, ही पांढरी, उग्र वासाची पावडर मुलांच्या ओळखीची असते. ती कशी तयार करतात, असे वर्गात विचारले तर उत्तर मिळते : विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून. क्लोरीन कुठून येतो? मिठाच्या द्रावणाचे विद्युत अपघटन करून. इथपर्यंत पाठ्यपुस्तक साथ देते. पण या अपघटनासाठी लागणारी वीज कोठून येते, हे शोधू लागलो की आपण एका चमत्कारिक जागी पोहोचतो. तिथे हजारो अँपिअर प्रवाह वाहणाऱ्या तांब्याच्या भागांतून चक्क पाणी खेळवलेले असते!

वीज आणि पाणी एकत्र आणू नका, असे आपणच मुलांना बजावतो. मग हे कसे?

आधी वीज किती लागते ते पाहू. मायकेल फॅरडेने १८३० च्या दशकात मांडलेल्या नियमांनुसार १ किलो क्लोरीन मिळवण्यास सुमारे ७५६ अँपिअर-तास इतका विद्युतभार लागतो. टीसीएलमध्ये वजनाच्या साधारण एक तृतीयांश उपलब्ध क्लोरीन असतो. म्हणजे १ किलो पावडरीमागे सुमारे २५० अँपिअर-तास झाले. ट्रॅक्टरची १०० अँपिअर-तासांची बॅटरी धरली तर अशा अडीच बॅटऱ्या! कारखान्यात टनावारी क्लोरीन करायचा, तर प्रवाहही हजारो अँपिअरचा हवा. शिवाय तो एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे दिष्ट प्रवाह हवा. तारांतून येणारी वीज मात्र सेकंदाला ५० आवर्तने करणारी, प्रत्यावर्ती असते. तिला एकदिशा देणारे साधन म्हणजे एकदिशकारक, अर्थात रेक्टिफायर. मोबाइलच्या चार्जरमध्येही तो असतो. तत्त्व तेच, फरक आकारमानाचा.

समजा, अपघटनाचे १०० घट एकसरीत जोडले आहेत. प्रत्येकाला ३ व्होल्ट, म्हणजे एकूण ३०० व्होल्ट लागतात आणि प्रवाह १०,००० अँपिअर आहे. एकूण शक्ती झाली ३,००० किलोवॅट. रेक्टिफायरमधून जाताना प्रवाहाच्या वाटेत एका वेळी दोन डायोड येतात आणि प्रत्येकावर सुमारे १ व्होल्ट खर्ची पडतो. १०,००० ला २ ने गुणले की २०,००० वॅट, म्हणजे २० किलोवॅट उष्णता. एकूण शक्तीच्या मानाने ही एक टक्कासुद्धा नाही. पण ती निर्माण होते कुठे? तळहातावर मावतील अशा, मिलिमीटरपेक्षाही पातळ अशा सिलिकॉनच्या मोजक्या चकत्यांत! दीडशे-पावणेदोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे या चकत्या निकामी होऊ लागतात. उष्णता तिथल्या तिथे उचलून नेली नाही, तर सगळा खेळ काही सेकंदांत संपेल.

ही उष्णता हवेने न्यायची ठरवले आणि हवेचे तापमान १० अंशांनी वाढू दिले, तर दर सेकंदाला सुमारे १,७०० लीटर हवा फुंकावी लागेल. तेच काम पाण्याला दिले तर सेकंदाला अर्धा लीटर पुरते. पाण्याची विशिष्ट उष्णता आणि घनता दोन्ही जास्त असल्याचा हा परिणाम. विशिष्ट उष्णता शिकवताना हे उदाहरण जरूर वापरून पाहावे.

आता मूळ प्रश्न. विजेचे वहन मुख्यतः पाणी करत नाही, पाण्यात विरघळलेले क्षार करतात. अतिशुद्ध पाण्याची विद्युतवाहकता दर सेंटिमीटरला ०.०५५ मायक्रोसीमेन्स इतकीच असते. काळ्या पाषाणाच्या मराठवाड्यात बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी कठीण असते. त्याची वाहकता १,००० धरली तर ती सुमारे अठरा हजार पट झाली.

असे बोअरचे पाणी रेक्टिफायरमध्ये सोडले तर? दोन मीटर लांब आणि एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या रबरी नळीतल्या पाण्याचा रोध २ लाख ओहम भरेल. नळीच्या दोन टोकांत ३०० व्होल्टचा फरक असला, तर तिच्यातून दीड मिलिअँपिअर प्रवाह झिरपेल. हा क्षुल्लक वाटतो, पण तोही दिष्ट प्रवाह आहे. फॅरडेचा नियम त्यालाही लागू होतो! या प्रवाहाने तांबेच विरघळवले, तर धन टोकाकडचे सुमारे १५ ग्रॅम तांबे वर्षभरात जाईल, आणि नेमके नळीच्या जोडापाशी. घटात जी क्रिया क्लोरीन देते, तीच इथे यंत्र पोखरते. शिवाय कठीण पाण्याचा पांढरा थर आत बसतो. घरातल्या पाणी तापवण्याच्या भांड्यात दिसतो तोच हा थर. तो तांब्याच्या मानाने शंभर पटींहून अधिक उष्णतारोधक असतो. मग पाणी वाहत राहते, पण चकती तापतच जाते.

म्हणून आतल्या बंद फेऱ्यात क्षार काढून टाकलेले पाणी फिरवतात आणि त्याची वाहकता सतत मोजतात. हे पाणी आपली उष्णता बाहेरच्या साध्या पाण्याला देते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. बाहेरचे पाणी बाष्पीभवनाने थंड करायचे, तर आपल्या उदाहरणात दिवसाला सुमारे ७०० लीटर पाण्याची वाफ होईल. टंचाईच्या भागात हा आकडा विसरून चालत नाही.

शुद्ध पाण्याचे हे तंत्र रासायनिक कारखान्यांपुरते नाही. चंद्रपूर ते पडघे या ७५२ किलोमीटर लांबीच्या, अधिक-उणे ५०० व्होल्ट-सहस्र दाबाच्या दिष्ट वाहिनीची क्षमता १,५०० मेगावॅट आहे. ती १९९९ मध्ये सुरू झाली. अशा वाहिन्यांच्या टोकांशी असणारे थायरिस्टरही शुद्ध पाण्यानेच थंड ठेवतात.

वर्गात हे दाखवता येईल. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोध, एक एलईडी आणि पेन्सिलीची दोन शिसे एकसरीत जोडा. शिसे आधी बॅटरीत घालण्याच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा, मग बोअरच्या पाण्यात, शेवटी मिठाच्या पाण्यात. एलईडीचा उजेड वाढत जाईल. मिठाच्या पाण्यात धन शिसाजवळ टीसीएलसारखा वास येऊ लागेल. तो क्लोरीन आहे. तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा, भांड्यावर वाकून वास घेऊ देऊ नका आणि मिनिटभरातच प्रयोग थांबवा.

आणि एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवायलाच हवी. शुद्ध पाणी वीज वाहत नाही म्हणून आपले पाणी सुरक्षित ठरत नाही. नळाचे, विहिरीचे, शेतातल्या मोटारीभोवती साचलेले पाणी क्षारयुक्तच असते, आणि ओल्या हाताच्या घामातही मीठ असते. घरातल्या विजेशी हा प्रयोग कधीही करायचा नाही.