पायवाट : बांधणी आणि निधी

चेन्नईच्या दक्षिण भागात, गिंडी येथे, सुमारे २७० हेक्टरांचे एक वन भर वस्तीत टिकून आहे. काळवीट आणि चितळ यांचे ते वसतिस्थान असून १९७८ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. वनाचा बहुतेक भाग वन्य जीवांसाठी राखलेला असल्याने नागरिकांस तेथे मुक्त संचार करता येत नाही. मग त्यांनी पायी फिरावे कोठे?

जवळच घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आहे. ही सुमारे १६० एकर शासकीय भूमी १९४५ साली ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली होती. थकबाकीच्या कारणावरून तमिळनाडू शासनाने २०२४ च्या सप्टेंबरात ती ताब्यात घेतली व ११८ एकरांवर सार्वजनिक उद्यान करण्याचे ठरविले. वाद न्यायालयात गेला. तथापि अशा भूमीवर पायवाट कशी घडवावी, हा प्रश्न कोणत्याही गावास उपयोगी आहे.

पायवाटेचा खरा शत्रू पाणी होय. सतत चालण्याने माती दाबली जाते, तिच्यातील सूक्ष्म पोकळ्या बुजतात आणि पाणी मुरत नाही. ते वाटेवरूनच वाहू लागते व थोड्याच वर्षांत वाटेची घळ होते. म्हणून टेकडीवर वाट सरळ वर न नेता उताराला आडवी नेतात आणि तिची बाहेरची कड किंचित खाली ठेवतात. गिंडीसारख्या सपाट प्रदेशात वाटेचा मध्य थोडा उंच करून दोन्ही बाजूंस निचरा द्यावा लागतो. चेन्नईत पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि शेजारच्या वेळचेरीस पुराचा त्रास होतो. तेथे पाणी अडविणारी पक्की फरसबंदी तोट्याचीच ठरेल. तळी आणि पायवाटा यांचा आराखडा एकत्रच करावा लागतो.

निधीचाही असाच विचार हवा. अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने, रस्ता सोडून रानोमाळ धावणाऱ्या वाहनांच्या इंधनावरील कराचा अंश पायवाटांकडे वळविला. सामान्यतः खर्चाचे ८० टक्के केंद्राकडून मिळतात. उरलेला भाग स्थानिकांनी उभारावयाचा असतो, आणि त्यात स्वयंसेवकांच्या श्रमाचे मोलही धरता येते. आपल्याकडील श्रमदानाशी याचे नाते स्पष्ट आहे. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यास द्यावयाचे असतात. त्यांतूनही पर्यावरणाची कामे होऊ शकतात.

परंतु देणगी बहुधा एकदाच मिळते, पाऊस मात्र दरवर्षी पडतो. चर साफ करणे, खचलेली माती भरणे, वाढलेली झुडपे छाटणे ही कामे कधी संपत नाहीत. म्हणून पायवाटेचा पहिला दगड बसविण्यापूर्वीच तिच्या दहाव्या वर्षाच्या देखभालीची तरतूद करावी. ज्या वस्तीने ही काळजी घेतली, तिची वाट मुलांना आणि वृद्धांना पिढ्यान्‌पिढ्या चालावयास मिळते.